गोकुळ-वृंदावन: आईच्या भजनी मंडळाला अधिक महिन्यात नेऊ का?

बाळीवेस_कट्टा

राम राम मंडळी. आमच्या आईच्या भजनी मंडळाचं गोकुळ-वृंदावनला जायचं जवळजवळ पक्कं झालंय. दहा-बारा बायका, सगळ्या साठीच्या पुढच्या, दोघींचे गुडघे बदललेले. जन्मभर गवळणी म्हटल्या, आता ते गाव एकदा डोळ्यांनी बघायचं, असं घरात चाललंय. हट्ट असा की जायचं तर अधिक महिन्यातच. यंदाचा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून २०२६ आहे.

एका टूरवाल्यानं कार्यक्रम दिलाय. पहिल्या दिवशी आग्र्याला उतरून ताजमहाल, दुपारी मथुरा, संध्याकाळी वृंदावन. दुसऱ्या दिवशी गोकुळ, गोवर्धन, बरसाना आणि रात्री परतीची गाडी. मला हे धावपळीचं वाटतंय, पण तिकडे मी कधी गेलेलो नाही. आईला बघायचंय ते देवाचं लहानपण जिथं गेलं ते. ताजमहाल राहिला तरी चालेल म्हणते. जाऊन आलेल्यांनी सांगा.

गड्डा_फॅन

मे महिन्यात जायलाव व्हय? सोलापुरात ऊन कमी पडलं का बे, तिथं जाऊन आणिक घ्यायला?

मथुरेचा_पाव्हणा

रिफायनरीच्या नोकरीत मथुरेला बरीच वर्षं काढली, त्यामुळे गावाकडून येणाऱ्या पाहुण्यांना ब्रज, म्हणजे हा मथुरा-वृंदावनचा मुलूख, दाखवणं हे आमच्या घरचं कायमचं काम होतं. त्या भरवशावर लिहितो.

आधी तो कार्यक्रम फाडून टाका. दोन दिवसांत एवढी गावं म्हणजे बसच्या खिडकीतून पाट्या वाचायच्या. वृंदावन मथुरेपासून दहा-बारा किलोमीटर, गोकुळ यमुनेच्या पलीकडे, गोवर्धन वेगळ्याच दिशेला वीसेक किलोमीटर आणि बरसाना-नंदगाव तर आणखी लांब. त्यात बहुतेक देवळं दुपारी बंद. देवाची झोप झाल्याशिवाय दार उघडत नाही, आणि टूरवाले नेमके भर दुपारी नेऊन उभं करतात.

मी पाहुण्यांना एकच सांगायचो: देव जसजसा मोठा झाला तसतसे फिरा. पहिल्यांदा मथुरेत जन्मस्थान. कंसाची कोठडी म्हणून दाखवतात ती खोली बघायची. मोबाइल, कॅमेरा, चामड्याच्या वस्तू आत चालत नाहीत, सगळं बाहेर जमा करावं लागतं, म्हणून एका बाईनं सामान धरून बाहेर थांबायचं आणि नंतर अदलाबदल करायची. मग त्याच दिवशी नदी ओलांडायची, वसुदेवानं ओलांडली तशी. आता गोकुळ बॅरेजवरून गाडी जाते.

पलीकडे गोकुळ आणि त्याला लागून महावन. टूरवाले इथं जेमतेम तासभर देतात. तुमच्या आईला जे बघायचंय ते नेमकं इथं आहे. महावनात चौरासी खंबा म्हणून जागा आहे, नंदाचा वाडा म्हणून लोक मानतात. दगडी खांबांची बैठी वास्तू, आत पाळणा. तिथून थोडं पुढे ब्रह्मांड घाट. कृष्णानं माती खाल्ली आणि यशोदेनं तोंड उघडायला लावलं ती ही जागा. घाटावर प्रसाद म्हणून मातीचे पेढे मिळतात. खरोखरची माती, वाळवून पेढ्यासारखी थापलेली. आमच्या एका पाहुण्यानं अख्खा पेढा तोंडात टाकला होता, म्हणून आधीच सांगतो. आणि रमणरेती: मऊ वाळू, देव रांगला-लोळला ती. एरवी दहा रुपयांसाठी भाजीवाल्याशी भांडणाऱ्या बायका तिथं पदर खोचून वाळूत लोळताना मी बघितल्यात. गुडघेवाल्या दोघींना मात्र कडेच्या बाकावर बसवा. खाली बसल्या तर उठवायला चौघी लागतील.

गोकुळ झालं की वृंदावन-नंदगाव, म्हणजे गुराख्याचं वय. मग गोवर्धन, तो उचलला तेव्हा देव सात वर्षांचा. सगळ्यात शेवटी परत मथुरा, विश्राम घाट. कंसाला मारून तिथं विसावला म्हणतात. संध्याकाळची यमुनेची आरती तिथली बघा. या क्रमानं फिरलं की तुमच्या मंडळाला प्रत्येक ठिकाणी कुठली गवळण म्हणायची ते कुणी सांगावं लागणार नाही.

मे-जूनबद्दल: पारा पंचेचाळीसला टेकतो आणि लू वाहते. आपलं ऊन डोक्यावर बसतं, तिकडचं वारा होऊन तोंडावर येतं. गोवर्धनची परिक्रमा अनवाणी असते. त्या दिवसांत लोक रात्री चालतात, पण साठीच्या बायकांना रात्रभर चालवणार का? आणि अधिक महिन्यात गोवर्धनला जी झुंबड उडते तिच्यापुढे आपल्या सोलापूरच्या गड्डा यात्रेची गर्दी काहीच नाही.

नवीपेठ_वहिनी

पाव्हण्यांनी झकास सांगितलंय. मी सासूबाईंना घेऊन गेले होते. वृंदावनातल्या बांकेबिहारीच्या देवळाबद्दल लिहिते, कारण खरी परीक्षा तिथं होते.

गल्ल्या इतक्या अरुंद की व्हीलचेअर नेणं अवघड. शनिवार-रविवार, एकादशी, पौर्णिमा टाळा. मधल्या वारी सकाळी दार उघडायच्या सुमारास जा. २०२२ च्या जन्माष्टमीला तिथं गर्दीत गुदमरून दोन माणसं गेली होती, तेव्हा सणाच्या दिवशी म्हाताऱ्यांना नेऊच नका.

आत गेल्यावर पहिल्यांदा काही कळत नाही. सगळे टाचा उंचावून समोर बघतायत, तेवढ्यात पुजारी सर्रकन पडदा ओढतात. दोन क्षणांनी परत उघडतात. परत ओढतात. सासूबाई वैतागल्या, म्हणाल्या, अगं बघू तरी द्या की पोरांनो! शेजारच्या बाईनं समजावलं की सलग बघत राहिलं तर देव भक्ताच्या मागे निघून जातो, म्हणून पडदा. पुढच्या वेळी पडदा उघडल्यावर सासूबाई डोळे मिटून उभ्या. म्हणाल्या, माझ्यामागे आला तर पेठेतल्या दोन खोल्यांत ठेवू कुठे?

या देवळात पहाटेची मंगलारती रोज होत नाही, फक्त जन्माष्टमीला. बाळ रात्री रासात दमलेलं असतं, पहाटे उठवायचं नाही. घंटाही नाहीत, दचकेल म्हणून. देवाला इतकं लेकरासारखं सांभाळणं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

माकडं! चष्मा पर्समध्ये. डोळ्यांवर ठेवायचाच असेल तर दोरी बांधून. एकदा पळवला की माकड कठड्यावर जाऊन बसतं आणि फ्रूटीचं पुडकं वर फेकेपर्यंत खाली टाकत नाही. फ्रूटी विकणारा पोरगा तिथंच उभा असतो, आता दोघांचं संगनमत आहे की काय ते तो बांकेबिहारीच जाणे. मोतीबिंदूवाल्या बायकांचे जुने चष्मे जादा घेऊन जा.

पंढरीचा_बडबड्या

वहिनी, म्हणूनच म्हणतो, आमचा विठोबा बरा. बारा महिने पायावर डोकं ठेवू देतो. बांकेबिहारीच्या चरणांचं दर्शन वर्षातून एकदा, अक्षय तृतीयेला. बासरीसुद्धा हातात फक्त शरद पौर्णिमेला, आपल्या कोजागिरीला.

पण थट्टा बाजूला. गोकुळ आणि पंढरपूर ही दोन गावं सोलापूरकरांना वाटतात तेवढी लांब नाहीत. कृष्णभक्तीचा पुष्टिमार्ग संप्रदाय काढणाऱ्या वल्लभाचार्यांच्या चौऱ्याऐंशी बैठकांपैकी (जिथं बसून ते भागवत सांगायचे त्या जागा) एक पंढरपुरात आहे, गुजराती वैष्णव आजही शोधत येतात. आचार्य ब्रह्मचारी होते, इथं पांडुरंगानं त्यांना लग्न कर म्हणून सांगितलं, अशी त्या संप्रदायातली आख्यायिका. पुढे धाकट्या मुलाचं नाव ठेवलं विठ्ठलनाथ. आज आपण जे गोकुळ बघतो ते सोळाव्या शतकात या विठ्ठलनाथांच्या काळात नांदतं झालं. म्हणजे गोकुळाच्या घडणीत आमच्या पांडुरंगाचा थोडा हात आहे म्हणायला हरकत नाही.

दुसरं, आषाढी पौर्णिमा. त्या दिवशी गोवर्धनला मुडिया पूनोचा मेळा, चैतन्य महाप्रभूंचे शिष्य सनातन गोस्वामी यांच्या नावानं, मुंडन केलेले साधू मिरवणुकीनं परिक्रमा करतात. आणि त्याच दिवशी आमच्याकडे गोपाळपूरला काला. पालख्या तिथं येतात, लाह्या-दही होतं आणि वारी संपते. रुक्मिणी रुसून दिंडीरवनात आली, देव शोधत मागे आला आणि गाई-गोपाळांना गोपाळपूरच्या टेकडीवर थांबवून पुढे गेला, ही कथा तुमच्या आईला पाठ असणार.

म्हणून माझा तोडगा: अधिक महिन्याचं पुण्य पंढरपूर-गोपाळपूरला घ्या. पहाटेच्या एसटीनं निघालात तर संध्याकाळी सोलापुरात बाळीवेशीत परत. गोकुळ थंडीत करा.

शंकेखोर

तोडगा छान, पण एक कुणी लिहिलं नाही. यमुना. केशी घाटावर नाव मिळते, संध्याकाळी घाटाचे लाल दगड सुंदर दिसतात, मान्य. पण पाणी बघून तुमच्या मंडळाचा हिरमोड होणार. कालियाला देवानं हाकललं, त्याच्या जागी आता दिल्लीचं सांडपाणी येतं. कालिया घाटापासून तर पात्रच सरकलंय. आचमन करू नका, डोळ्यांना हात लावून नमस्कार पुरे. पुण्यात फरक पडला तर माझ्या खात्यातून कापून घ्या.

आणि पंडे, म्हणजे तिथले तीर्थपुरोहित. गोकुळात एका देवळात घोळक्याला खाली बसवलं, गोष्ट सांगितली, पाळण्याची दोरी हातात दिली, आणि दोरी हातात असतानाच गोदान किती, ब्राह्मणभोजन किती, हे एकेकाला मोठ्यानं बोलायला लावलं. शेजारणीनं पाचशे म्हटल्यावर दुसरी पन्नास कशी म्हणणार? देणग्यांच्या पाट्या भिंतभर. श्रद्धेनं द्यायला माझी ना नाही, हे असं घेणं मला पटत नाही.

नवीपेठ_वहिनी

त्यावर उपाय सोपा. पाकीट एकीकडेच ठेवायचं आणि ती बाई मंडळातली सगळ्यात चेंगट बघून निवडायची. बाकीच्यांनी फक्त म्हणायचं, पैसे ताईंकडे आहेत.

इतिहासाचा_किडा

धागा यात्रेचा आहे, तरी राहवत नाही. मराठी माणसानं मथुरेत जाऊन महादजी शिंद्यांची आठवण काढली नाही तर अर्धं राहिलं. पाटीलबाबांचा तळ मथुरेत असायचा आणि स्वतः कृष्णभक्त, पदंही रचायचे. विश्राम घाटाजवळचं द्वारकाधीशाचं देऊळ १८१४ चं, ते बांधणारे गोकुळदास पारीख ग्वाल्हेरच्या शिंदे दरबाराचे खजिनदार.

त्याच्या आधीचं दुखणं १७५७ चं. अब्दालीच्या फौजेनं ऐन होळीच्या दिवसांत मथुरा-वृंदावनात कत्तल केली. तीनच वर्षांनी भाऊसाहेबांची फौज दिल्लीकडे निघाली तेव्हा बरोबर हजारो यात्रेकरू होते, बायका होत्या. मथुरा, कुरुक्षेत्र घडेल म्हणून निघालेले. त्यातले किती पानिपतावरून परत आले ते आपल्याला माहीत आहे. जे वाचले त्यांना याच मुलखात भरतपूरच्या सूरजमल जाटानं आसरा दिला. गोवर्धनवरून पुढे डीग आणि कुंभेर लागतं. कुंभेरच्या वेढ्यात १७५४ साली खंडेराव होळकर पडले, अहिल्याबाईंचे यजमान. वेळ असेल तर त्यांची छत्री, म्हणजे समाधी, बघून या.

वृंदावनात गोविंददेवाचं लाल दगडाचं देऊळ चुकवू नका. अंबरच्या मानसिंगानं १५९० ला पुरं केलं. वरचे मजले गेलेत, मूर्ती औरंगजेबाच्या काळात हलली ती जयपूरला राहिली. आत शिरून मान वर केली की छत बघत माणूस उभाच राहतो. गर्दी बेताची, पायऱ्याही फार नाहीत, तेव्हा म्हाताऱ्यांच्या सोयीचं. आणि मथुरेचं सरकारी संग्रहालय, १८७४ चं. कुषाण राजा कनिष्काचा डोकं नसलेला पुतळा तिथं आहे. बायका पेढे घेत असतील तेवढ्यात तुम्ही बघून या.

गड्डा_फॅन

किड्या, लई भारी. आता कुणीतरी खाण्याचं बोला की राव. तीन दिवस बिनभाकरीचं राहणार म्हातारी माणसं?

मथुरेचा_पाव्हणा

सकाळी बेढई (डाळीचं सारण भरलेली पुरी) नाहीतर कचोरी, हिंगाची पातळ बटाट्याची भाजी, त्यावर जिलबी. कुल्हडातली लस्सी, वर सायीचा थर. कांदा-लसूण वृंदावनात सहसा नाही. पेढा तपकिरी असतो, खवा खूप वेळ भाजतात म्हणून, आणि कोरडा असल्यानं सोलापूरपर्यंत टिकतो. आपल्या पेढ्याची सवय असेल तर पहिला घास खरपूस लागेल.

कडक भाकरी न्या, मस्त टिकते. पण शेंगाचटणीचं बघा. आपल्या चटणीत लसूण मोप असतो आणि बऱ्याच आश्रमांत, धर्मशाळांत तो आवारातही चालत नाही. आमच्याकडच्या एका पाहुण्याला व्यवस्थापकानं डबा बाहेर ठेवायला लावला. मग त्यांनी रस्त्यावर उभं राहून, तिकडच्या पुऱ्यांना लावून संपवली.

बाळीवेस_कट्टा

सगळ्यांचे आभार. काल रात्री भजन झाल्यावर आईला हे सगळं वाचून दाखवलं. पडद्याच्या गोष्टीला बायका खूप हसल्या. अधिकात पंढरपूर-गोपाळपूर हे दोन-तीन जणी सोडून सगळ्यांना पटलं. आता थंडीत जायचं तर नेमकं कधी? एकजण म्हणते कार्तिक महिना तिकडे फार मोठा. आणि दोघी गोवर्धन पायीच करणार म्हणून हटून बसल्यात.

मथुरेचा_पाव्हणा

कार्तिक खरंच मोठा. तिकडचे महिने पौर्णिमेला संपतात, म्हणून त्यांचा कार्तिक आपल्या कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. महिनाभर दामोदराला दिवे लावतात, यशोदेनं उखळीला बांधलेल्या बाळाला. दिसायला सुरेख, राहायला खोली मिळणं मुश्कील. त्यात यंदा अधिक महिन्यामुळे सगळं पुढे सरकलंय, दिवाळी ८ नोव्हेंबरला. तुमच्या बायका कार्तिकी एकादशीला पंढरपूर सोडणार नाहीत, हेही आलंच. तर कार्तिकी पौर्णिमा होऊन गेली की निघा, नोव्हेंबरची अखेर ते डिसेंबरचा पहिला आठवडा. डिसेंबरच्या मध्यापासून धुकं पडतं आणि गाड्या किती उशिरा धावतील याचा नेम नसतो. सकाळ-संध्याकाळ चांगलीच थंडी असते, आपली चादर लागेलच.

गोवर्धनची परिक्रमा २१ किलोमीटर. दानघाटीपासून सुरू करतात, आन्योर, पूंछरी, जतीपुरा, मग राधाकुंड, कुसुम सरोवर. पूंछरीचा तुकडा राजस्थानात जातो. डोंगर म्हणाल तर आपल्याला टेकाड वाटेल, रोज तिळभर खचतो अशी तिकडची समजूत आहे. ई-रिक्षा सगळ्या वाटेनं फिरवते. हटून बसलेल्या दोघींना राधाकुंड ते कुसुम सरोवर चालू द्या, वाट सपाट आहे आणि सरोवराच्या पायऱ्यांवर बसायला जागा आहे. बाकीच्या रिक्षात. देव सात वर्षांचा असून सात दिवस उभा राहिला, तुम्ही थोडं बसलात तर रागावणार नाही, असं सांगा.

बरसान्याला चढ आहे, दोनशेच्या वर पायऱ्या, पण आता रोपवे झालाय. नंदगाव-बरसाना दमल्या असतील तर सरळ सोडा. गोकुळ-महावनाचा अख्खा दिवस मात्र कापू नका.

नवीपेठ_वहिनी

गाडीचं मी सांगते. कर्नाटक एक्स्प्रेस सोलापूरहून दौंड, मनमाड, भोपाळ, ग्वाल्हेर करत जाते. सकाळी बसलात की दुसऱ्या दिवशी सकाळी आग्रा, तिथून मथुरा तासाभरावर. वेळा तेवढ्या ताज्या बघून घ्या. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं.

महत्त्वाचं म्हणजे खालचा बर्थ. पंचेचाळीसच्या पुढच्या बायकांना खालच्या बर्थचा कोटा असतो, पण एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघीच असतील तरच. सगळ्यांचं मिळून मोठं तिकीट काढलंत की कोटा गेला आणि गुडघेवाली वरच्या बर्थखाली उभी. तेव्हा जोड्या लावून वेगवेगळी तिकिटं काढा.

बाळीवेस_कट्टा

हे बरं सांगितलंत, मी एकच तिकीट काढणार होतो. जोड्या लावायला बसलो तर नवीनच भांडण: घोरणाऱ्या मावशींबरोबर कुणी जोडी करायला तयार नाही.

नवीपेठ_वहिनी

एकटीच्या तिकिटालाही कोटा लागू होतो. मावशींचं वेगळं काढा. डबा कुठला येईल तो त्यांच्या नशिबाचा.

गड्डा_फॅन

त्या डब्यातल्यांच्या नशिबाचा म्हणा की.